तापल्या मिठागरातले थंड शंख

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सन १९५८, सकाळी नऊ. स्थळ, डोंबिवलीतल्या आमच्या चाळीची वरची गॅलरी. हजर मंडळी अशी: जनार्दन केणी यांच्या पत्नी सुमन, केणींच्या आई, ज्यांना आम्ही सगळ्याच ‘आय’ म्हणतो, त्या ठाण्याच्या खोपटहून आलेल्या, कोपऱ्यावरच्या खोलीतल्या द्वारकाबाई, त्यांच्या शेजारची लीला, केणींच्या कॉलेजातले भूशास्त्राचे विभागप्रमुख, चाळीतली बाकीची मंडळी, त्यातली निम्मी उभी, कारण सतरंज्या पुरल्या नाहीत, आणि मी. महिला मंडळाची चिटणीस या नात्याने शोकसभेची व्यवस्था माझ्याकडे होती. वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली. सभेत बोलायला मात्र मला जमले नाही. व्यवस्था बघणारीला बोलायची सवड नसते, असे मी सगळ्यांना सांगितले... म्हणून आता लिहिते आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवत होते, तेव्हा सुमनने दार ठोठावले. “वहिनी, हे उठत नाहीयेत,” एवढेच म्हणाली. डॉक्टर आले, त्यांनी झोपेतच हृदय बंद पडल्याचे सांगितले. वय पंचेचाळीससुद्धा नव्हते. पण मला हा लेख त्या सकाळपाशी थांबवायचा नाही. ज्या माणसाने आमच्या चाळीच्या गॅलरीतून हजारो वर्षांपूर्वीच्या समुद्राला हात घातला आणि तिथून जिंकून आला, त्याची आठवण रडत सांगणे मला पटत नाही.

केणी आमच्या शेजारी राहायला आले ते स्वातंत्र्यानंतर दोनएक वर्षांनी. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांच्या घरचे मिठागर. वडील, आजोबा सगळे त्यातच राबलेले. हा एक मुलगा शिकला, भूशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाला, मुंबईच्या कॉलेजात शिकवू लागला. शेजारपणाच्या नात्याने ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भाऊजी. उंच, काळेसावळे, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे आणि नखांत नेहमी चिखल! कारण भाऊजी घरी चिखल आणत. डब्यांतून, बाटल्यांतून, एकदा तर सुमनच्या पोळ्यांच्या डब्यातून. आय आल्या की मुलाचे हात बघून हमखास म्हणत, “आमी चिखलान मीठ पिकवला. तू येवरा शिकून चिखलान काय पिकवतंस रं?” भाऊजी हसून उत्तर द्यायचे, “आय, हवामान पिकवतो.”

ही नुसती थट्टा नव्हती, हे आम्हाला पुढे कळले. एके दुपारी त्यांनी मला गॅलरीत बोलावले. काळ्या रंगाने रंगवलेल्या पत्र्याच्या झाकणात त्यांनी चिमूटभर काहीतरी पसरले होते. मला वाटले खसखस आहे. त्यांनी घड्याळजीचे भिंग माझ्या हातात दिले, आणि मी डोळ्याला लावून पाहते तो काय! एकेक दाणा म्हणजे एकेक शंख. कुणी द्राक्षाच्या घोसासारखे फुगलेले, कुणी चकलीसारखे वळलेले. भाऊजींनी सांगितले ते असे: समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. जीव मेला की घर तळाला जाते. त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. हजारो वर्षांत त्यांचा थर होतो. जितके खोल खणावे तितका जुना काळ. “आता गंमत बघा वहिनी,” ते म्हणाले. “घर बांधताना हे जीव पाण्यातला ऑक्सिजन घेतात. ऑक्सिजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. पाणी जितकं थंड, तितका घरात जडाचा वाटा जास्त. तो वाटा मोजणारं यंत्र आता परदेशात निघालंय. म्हणजे हे शंख मोजले की त्या वेळी समुद्र किती थंड होता ते कळतं. थर्मामीटरच की!”

अशा दोन वजनांच्या भावंडांना शास्त्रात समस्थानिक म्हणतात, हेही त्यांनी सांगितले. पण चाळीत शेवटपर्यंत ‘हलका-जड’ हेच नाव चालले.

अडचण एकच होती. यंत्राला एका वेळी एकाच जातीचे शेकडो शंख लागत. गाळात सगळ्या जाती मिसळलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी संशोधकांनी समुद्राच्या तळात लांब नळ्या खुपसून गाळ काढला होता, त्यातल्या एका नळीचे तुकडे भाऊजींनी पत्रव्यवहार करून मिळवले होते. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात एकट्याने निवडायचे म्हटले तर जन्म पुरला नसता. मी त्यांच्या हातातला ब्रश पाहिला, ते झाकण पाहिले, आणि म्हटले, “भाऊजी, हे निवडणं आहे. तुम्ही कशाला करता? तांदूळ निवडणाऱ्या बायका चाळीत काय कमी आहेत?”

दुसऱ्या आठवड्यापासून पाळ्या लावल्या. दुपारची जेवणे, भांडी आटोपली की उन्हे गॅलरीत येत, तेव्हा सुमन, द्वारकाबाई, लीला आणि मी बसायचो. दिव्याचा उजेड उपयोगाचा नव्हता, ऊनच लागायचे. चार भिंगे, चार काळी झाकणे, चार बारीक ब्रश. ब्रशाचे टोक ओले करून शंखाला टेकवले की तो चिकटून वर येतो. मग होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत सोडायचा. लीलाला ब्रश जिभेला लावून ओला करायची सवय होती. द्वारकाबाई ओरडायच्या, “अगं, आज चतुर्थी आहे! किती जीव पोटात घालशील?” त्यावर लीला म्हणायची, “मेलेले आहेत हो, हजारो वर्षांपूर्वीचे. सुतक फिटलं त्यांचं.”

पहिल्याच महिन्यात मोठा घोटाळा झाला. द्वारकाबाईंचा हात आमच्या सगळ्यांत नेमका, पण स्वच्छतेचे वेड फार. त्यांची पितळी भांडी आरशासारखी असतात. त्यांनी निवडलेली बाटली भरत आली तेव्हा त्यांना शंख पिवळट वाटले. दुसऱ्याच्या घरी द्यायची वस्तू अशी कशी द्यायची, म्हणून त्यांनी घरी नेऊन ते चिंचेच्या पाण्यात टाकले. हलका फेस आला. त्यांना वाटले, मळ सुटतोय. देवाला दिवा लावून परत येऊन बघतात तर वाटीत नुसते चिंचेचे पाणी! चुना तो, आंबटात विरघळून गेला. त्या तशीच ती वाटी घेऊन भाऊजींकडे गेल्या. मी बरोबर होते. भाऊजींनी वाटीत पाहिले, द्वारकाबाईंकडे पाहिले आणि इतके हसले की सुमन आतून धावत आली. “द्वारकाबाई,” ते म्हणाले, “समुद्राला जे हजारो वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी केलंत.” त्यांनी आमच्या कामाचा एकच नियम केला: गाळायचे आणि धुवायचे ते फक्त त्यांनी स्वतः. बाकी निवडणे आमचे.

हे सांगायचे कारण पुढे आहे.

खोल समुद्रातल्या शंखांच्या बाटल्या ते यंत्र असलेल्या परदेशी प्रयोगशाळेत पार्सलने जात, आणि तिथून निकाल चांगले येत होते. काही थरांत जड ऑक्सिजन जास्त, काहींत कमी, म्हणजे थंडीचे काळ आणि उबेचे काळ आलटून पालटून. तिथले प्राध्यापक खूश होते. त्यांनी विचारले की, ज्या पाण्याचे तापमान पक्के ठाऊक आहे अशा उष्ण पाण्यातले शंख मिळतील का? म्हणजे थर्मामीटर बरोबर चालतो की नाही ते तपासता येईल. भाऊजींना दुसरीकडे जायची गरजच नव्हती. घरचे मिठागर होते! खाडीचे पाणी भरतीला मोठ्या वाफ्यांत घेतात, तिथे ते उन्हात तापत राहते, मग पुढच्या वाफ्यांत सोडतात, शेवटी मीठ धरते. पहिल्या वाफ्यांच्या चिखलात असलेच बारीक जीव राहतात. भाऊजी हंगामभर रविवारी ठाण्याला जाऊन थर्मामीटर बुडवून आले, पाणी इतके ऊन की पाय ठेववत नव्हता. चिखल आणला, आम्ही निवडला, पार्सल गेले.

उत्तर आले ते वाचून भाऊजी गॅलरीतल्या बाकावर बसूनच राहिले. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे आमचे मिठागरातले शंख थंड पाण्यात वाढलेले होते. महाबळेश्वरला पौष महिन्यात विहिरीचे पाणी असते तसल्या पाण्यात! प्राध्यापकांनी सौम्य शब्दांत लिहिले होते की हे शक्य नाही, नमुना बदलला असावा किंवा निवडताना, धुताना खराब झाला असावा. आणि असे असेल तर आधीच्या खोल समुद्राच्या नमुन्यांबद्दलही विचार करावा लागेल.

म्हणजे आमचे सगळेच काम गेल्यात जमा. दुपारी कुणी ब्रश उचलला नाही. लीला हळूच म्हणाली, “परत चिंच तर नाही ना?”

द्वारकाबाई ताडकन उभ्या राहिल्या. “माझ्याकडे काय बघता गं सगळ्या? एकदा चुकले म्हणून जन्मभर चिंचच का मी?” आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतले.

दोन दिवसांनी विभागप्रमुख स्वतः डोंबिवलीला आले. माणूस वाईट नव्हता, भाऊजींचे भलेच पाहत होता. चहा घेता घेता म्हणाले, “केणी, यात एवढं काय मनाला लावून घेता? लिहून टाका, घरगुती मदतीने नमुने निवडले होते, धुताना चूक झाली. चिंचेचा किस्सा तर तुम्हीच मला सांगितलाय. तेच लिहा. तुमच्या नावाला काही होणार नाही. पुढे मी विद्यार्थी देतो.”

द्वारकाबाईंचे दार समोरच होते, आणि ते बोटभर उघडले होते, हे मला दिसत होते. भाऊजींनाही दिसत असावे.

“सर,” भाऊजी म्हणाले, “चिंचेची चूक झाली तेव्हा बाईंनी वाटी घेऊन येऊन स्वतः सांगितली. या वेळी त्या म्हणतात नाही झाली. मग नाहीच झाली. बायकांच्या हातावर ढकलून मी सुटेन, पण शंख काय म्हणतायत ते मला कधीच कळणार नाही.”

“मग तापलेल्या पाण्यात थंड शंख कसे?”

“ते शोधतो. मला वेळ द्या.”

पुढचे काही आठवडे तेच कोडे त्यांच्या डोक्यात घोळत होते. रविवारी मिठागरावर जात आणि नुसते बांधावर बसून येत. आय सांगत, “पोर बांधावर बसून पान्याकरं बघतंय, जसा काय पानी बोलनार हाय.” मग एका रविवारी संध्याकाळी परत आले ते थेट आमच्या दारात. चपलाही काढल्या नाहीत. “वहिनी, सगळ्यांना बोलवा. चूक आमची होती. शंख बरोबर आहेत, आम्ही प्रश्न चुकीचा विचारला.”

गॅलरीत उभे राहून त्यांनी जे सांगितले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. मिठागरात काय होते? पाणी उडून जाते. पण सगळे पाणी सारखे उडत नाही. हलक्या ऑक्सिजनचे पाणी आधी उडते, जडाचे मागे राहते. म्हणजे वाफ्यातले पाणीच जड झालेले. त्यात घर बांधणाऱ्या जीवाला जड ऑक्सिजन जास्त मिळणारच, पाणी कितीही ऊन असो. “जड घर म्हणजे थंडी, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पाणीच जड असलं तर?” मग ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “आणि हे मिठागरापुरतं नाही. हिमयुगात समुद्राचं पाणी उडालं, बर्फ होऊन डोंगरांवर बसलं, परत आलं नाही. उडालं ते हलकं. मागे राहिलेला अख्खा समुद्रच जड झाला असणार. म्हणजे खोल थरांतल्या शंखांत जे जड आहे, त्यातली थंडी किती आणि बर्फाने पळवलेलं पाणी किती, हे वेगळं करायला हवं. जगाचा समुद्र म्हणजे एक मोठं मिठागरच होतं तेव्हा!”

लीलाने विचारले, “मग आता?”

“आता पुन्हा,” भाऊजी म्हणाले. “या वेळी शंखांबरोबर पाणीही पाठवायचं. आणि सगळे शंख एकट्या द्वारकाबाई निवडणार.”

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. “मी?” म्हणाल्या. “आणि परत तसंच आलं तर?”

“तसंच यावं म्हणून तर तुम्ही,” भाऊजी म्हणाले.

त्या हंगामात द्वारकाबाईंनी जे काम केले तसे मी कुणाला करताना पाहिलेले नाही. ऊन सरकेल तशी त्यांची चटई सरकायची. शेजारी आम्ही कुणीतरी बसायचोच, पाळत म्हणून नव्हे, सोबत म्हणून, पण त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, “बघून घ्या गं, हातात चिंच नाही.” वाफ्यांतले पाणी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरले. आत हवेचा बुडबुडा राहिला तरी पाणी उडते म्हणून बुचांवर लाख ओतायची होती. ते काम मी केले. बोटे भाजली, एक बाटलीही गळली नाही.

उत्तर यायला पावसाळा उलटला. भाऊजी पाकीट न फोडताच कॉलेजातून घरी घेऊन आले, म्हणाले, एकट्याने वाचायचा हक्क मला नाही. गॅलरीत आम्ही सगळ्या, सुमनच्या हातात लाटणे तसेच. त्यांनी वाचले आणि ओळ न ओळ मराठीत सांगितली. शंख पुन्हा तितकेच जड आले होते. आणि बाटल्यांतले पाणीही जड होते, अगदी हव्या त्या प्रमाणात. हिशेब मांडला की शंख त्या पाण्याचे बरोबर तेच तापमान सांगत होते, जे भाऊजींच्या थर्मामीटरने सांगितले होते. प्राध्यापकांनी लिहिले होते की निवडणाऱ्यांच्या हातांवर आपण शंका घेतली याबद्दल आपण त्यांची क्षमा मागतो, आणि ही क्षमा त्यांच्यापर्यंत पोचवावी.

सुमनने लाटणे खाली ठेवले. मग द्वारकाबाई म्हणाल्या, “साहेब माफी मागतोय? माझी?” जरा विचार केला. “बरं, म्हणावं चालेल. पण चहाला ये म्हणावं एकदा.”

आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की खालच्या मजल्यावरची मंडळी वर आली. त्या रात्री चाळीत जेवण एकत्र झाले. भाऊजींनी पानावर बसताना फर्मान काढले, “द्वारकाबाई, आज मात्र सार चिंचेचंच हवं.” आय ठाण्याहून स्वतःच्या आगरातले मीठ घेऊन आल्या होत्या आणि पंगतीत प्रत्येकाच्या पानात स्वतः वाढत फिरत होत्या. मुलासमोर आल्या तेव्हा जरा थांबल्या. “पिकला रं तुजा चिखल,” म्हणाल्या.

पुढे तो निबंध परदेशी नियतकालिकात छापला गेला. छपाईआधी तपासायला आलेल्या प्रतीत शेवटी आभारांत ‘स्थानिक स्त्रियांची मदत’ असे छापले होते. भाऊजींनी ते तीन शब्द खोडले आणि तिथे आमची चार नावे लिहिली, पहिले द्वारकाबाईंचे. संपादकांनी कळवले की अशी पद्धत नाही. भाऊजींनी उलट कळवले की मग निबंधही छापायची घाई नाही. नावे छापून आली. द्वारकाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण आपले नाव कुठे आहे ते त्या आता बोट ठेवून दाखवतात.

शोकसभेत विभागप्रमुख उभे राहिले ते भाषण न करता. त्यांनी तो निबंध खिशातून काढला आणि शेवटच्या पानावरची चार नावे मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “मी केणींना सोपा रस्ता सांगितला होता. त्यांनी तो घेतला नाही, म्हणून आज समुद्राच्या इतिहासाच्या हिशेबात आपल्या ठाण्याच्या मिठागराचं पाणी आहे.” आणि खाली बसले. त्या सभेतले सगळ्यात चांगले भाषण तेच.

सभा संपवून सतरंज्या गुंडाळत होतो, तेवढ्यात सुमनने एक पाकीट माझ्या हातात दिले. भाऊजी गेल्यावर तीन-चार दिवसांनी आलेले, प्राध्यापकांचे. त्यांना अजून काही कळले नव्हते. विभागप्रमुखांनी वाचून दाखवले. खोल समुद्राच्या हिशेबात थंडी आणि बर्फ वेगळे करायचे तर एका हंगामाच्या दोन-चार बाटल्या पुरणार नाहीत. खाडीचे पहिले पाणी आत घेतल्यापासून मीठ धरेपर्यंत, प्रत्येक पायरीचे पाणी आणि शंख असे सगळे पाहिजे. जगात ते देऊ शकेल असे दुसरे कुणी आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी लिहिले होते.

“मी विद्यार्थी पाठवतो,” विभागप्रमुख म्हणाले.

“कशाला?” सुमन म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली. “थर्मामीटर मला वाचता येतो.”

“निवडणार मी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

आय भिंतीला टेकून बसल्या होत्या. “आगर आमचा हाय,” त्या म्हणाल्या. “पयला पानी कवा घ्याचा तां मी सांगीन. पुनवेला.”

विभागप्रमुखांनी एकेकीकडे पाहिले आणि टोपी उचलली. “तसं मी कळवतो त्यांना,” म्हणाले.

प्राध्यापकांना दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कळवल्या आहेत: केणी गेले, आणि काम चालू आहे. बाटल्या उकळून उपड्या घातल्या आहेत. बुचे नवी आणली, लाख आणली, भिंगे पुसून ठेवली. लीलाला ब्रश जिभेला लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली आहे. येत्या त्रिपुरी पौर्णिमेला उधाण येईल, आय मिठागराची उघाडी, म्हणजे बांधातले पाणी घ्यायचे दार, उघडायला सांगतील, आणि खाडीचे या हंगामाचे पहिले पाणी आत शिरेल. आम्ही चौघी सकाळीच ठाण्याला जाणार आहोत. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावायची असते. तिच्यावर जागा, पाण्याचे तापमान आणि नमुना घेणाऱ्याचे नाव. चिठ्ठ्या मी कापून ठेवल्या आहेत. जागा लिहिली आहे. तापमान तिथे गेल्यावर लिहू. नावाच्या जागी भाऊजींचे लिहायचे की तिचे, असे मी सुमनला विचारले, तर ती म्हणाली, पाणी भरल्यावर बघू.

पहिली बाटली अजून भरायची आहे.